पटवाऱ्याचे दप्तर आणि नवा दुभाषी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या घरी वह्यांची पूजा होते, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या घरी दुकान नव्हते. तरीही वह्यांची पूजा होत असे. माझे आजोबा वाशीम तालुक्यातल्या एका खेड्याचे पटवारी. पुढे त्या हुद्द्याला तलाठी म्हणू लागले, परंतु गावाने त्यांना शेवटपर्यंत पटवारीच म्हटले. पाटावर लाल खारव्यात बांधलेले चार-पाच बस्ते मांडलेले असत. त्यांवर झेंडूची फुले, पुढे लाह्या-बत्तासे आणि बाजूला तेवणारी पणती. पणती जरा लांबच ठेवलेली असे, कारण आजी दरवर्षी बजावून सांगे, "सरकारी कागद आहे, तेल सांडलं तर नोकरी जाईल."

मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा आजोबांना विचारले, "आपले शेजारचे काका यातल्या कोणत्या वहीत आहेत?" आजोबा हसले. म्हणाले, "एका वहीत त्याचं वावर आहे, दुसरीत त्या वावरातलं पीक आहे, तिसरीत त्याचा सारा आहे, आणि बापाचं नाव जाऊन त्याचं कसं लागलं ते चौथीत आहे. सगळा माणूस कोणत्याच वहीत नसतो. तो मला जुळवाव लागते."

हे वाक्य मला त्या वेळी कळले नाही. पुढे पुण्यात संगणकाच्या कंपनीत तीस वर्षे नोकरी केली, आणि त्या धंद्यात ज्या एका प्रश्नाने जगभरच्या हुशार माणसांना भंडावून सोडले, तो हाच आहे असे लक्षात आले. त्या प्रश्नाचा आणि त्यावर शोधलेल्या उपायाचा इतिहास आज सांगायचा आहे. इंग्रजीत त्या उपायाला 'ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर' असे लांबलचक नाव आहे. मी त्याला दुभाषी म्हणतो. नाव ऐकून कोणी पान उलटू नये. गोष्ट वहीची आणि माणसाचीच आहे.

दुभाष्याची गरज आमच्या वाशीमला नवी नाही. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, त्याच्या सदतिसाव्या राज्यवर्षातला ताम्रपट वाशीमलाच सापडला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार मुख्यतः प्राकृतात. पूर्वजांचा गौरव करायचा तर एक भाषा, आणि गाव कोणाला दिले, कोणकोणते कर माफ केले हे नोंदवायचे तर दुसरी! ज्याने तो पट रचला त्या कारकुनाला दोन्ही भाषा येत असल्या पाहिजेत. एकच गोष्ट दोन रीतींनी मांडावी लागते, आणि मध्ये कोणीतरी दोन्ही जाणणारा लागतो, ही अडचण निदान सोळाशे वर्षांची जुनी आहे.

मधली शतके ओलांडून इंग्रजी अमलात येऊ. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, आणि १८६० नंतरच्या दशकांत तेथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमीनमोजणी झाली. या मोजणीने एक साधी पण फार दूरवर पोहोचणारी गोष्ट केली. प्रत्येक वावराला नंबर दिला. तोपर्यंत वावर ओळखायचे ते 'ओढ्याकाठचे', 'चिंचेचे', 'पांढरीलगतचे' असे. चिंच पडली, ओढ्याने वाट बदलली की वाद सुरू. आता मालक मेला, वाटण्या झाल्या, चिंच वठली, तरी सर्व्हे नंबर तोच. एका वहीतला नंबर धरून दुसऱ्या वहीत जाता येऊ लागले. आजोबा माणूस जुळवीत ते याच नंबरांच्या दोऱ्याने.

याच पद्धतीचा दुसरा धडाही वाशीमनेच मला शिकवला. इंग्रजांच्या वेळी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला. वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळला गेले. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. आता असा विचार करा, की प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर जिल्ह्याचे नाव लिहिलेले आहे. मग जिल्हा बदलला की लाखो ओळी खोडा आणि लाखो पुन्हा लिहा. त्यात दहा ठिकाणी राहून जाणार हे ठरलेले. त्याऐवजी कोणता तालुका कोणत्या जिल्ह्यात, एवढे एकाच जागी लिहिले आणि बाकी सर्व नोंदींत फक्त तालुक्याचा नंबर ठेवला, तर सहा तालुक्यांच्या सहा ओळी बदलल्या की जिल्हा बदलला. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, हे त्या शास्त्राचे मर्म आहे.

हे मर्म गणिताच्या भाषेत ज्याने मांडले तो एडगर कॉड. जन्माने इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला, ऑक्सफर्डला गणित शिकलेला आणि पुढे अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत नोकरीला लागलेला. त्या काळी संगणकातली माहिती झाडासारखी रचलेली असे. आय.बी.एम.ची त्या घाटाची एक प्रसिद्ध प्रणाली अपोलो चांद्रमोहिमेच्या यानाचे असंख्य सुटे भाग नोंदवण्याच्या कामातून जन्माला आली होती. खोडावरून फांदीवर, फांदीवरून डहाळीवर असे चढत गेले की माहिती हाती येई. पण रचना बदलली की सगळे कार्यक्रम कोसळत. कॉडने जून १९७० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे, की माहिती यंत्राच्या पोटात कशी ठेवली आहे हे जाणून घेण्याची सक्ती वापरणाऱ्यावर नसावी. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, प्रत्येक ओळीला ओळखीची खूण द्या, आणि खुणेने तक्ते जोडा. आजोबांनी हा निबंध वाचला असता तर म्हणाले असते, "यात नवीन काय सांगितलं?" अर्थात नवीन होते; कारण अशा जोडण्या नियमांत बसवता येतात आणि म्हणून यंत्राकडूनही करवून घेता येतात, हे कॉडने सिद्ध केले. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा मांडली. तीच पुढे एस्क्यूएल या नावाने जगभर रूढ झाली. १९८१ मध्ये कॉडला संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, ट्युरिंग पुरस्कार, मिळाला.

झाली ही तक्त्यांची बाजू. पण याच सुमारास दुसरीकडे एक वेगळाच पंथ वाढत होता. नॉर्वेतील ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन नीगोर हे दोघे, यंत्रावर प्रत्यक्ष जगाची नक्कल उभी करू पाहत होते. १९६७ च्या त्यांच्या 'सिम्युला' या भाषेत एक नवी कल्पना होती. वस्तूची माहिती आणि त्या वस्तूने करायची कामे ही वेगवेगळी न ठेवता एकत्र, एका गाठोड्यात बांधायची. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात ॲलन के आणि त्यांचे सहकारी यांनी 'स्मॉलटॉक' भाषेत ही कल्पना टोकाला नेली. या पंथात शेतकरी म्हणजे पूर्ण शेतकरी. त्याचे नाव, त्याची वावरे, त्याची मुले, त्याचे कर्ज, सगळे त्याच्याजवळ. 'तुझा सारा किती?' म्हणून त्यालाच विचारायचे आणि त्यानेच हिशोब करून सांगायचा. म्हणजे लहानपणी मी ज्या काकांना वहीत शोधत होतो, ते येथे अखंड उभे होते!

आता अडचण वाचकांच्या ध्यानात आली असेल. कार्यक्रम लिहिणारा विचार करतो अखंड माणसाचा, आणि माहिती साठते ती तक्त्यांच्या तुकड्यांत. तक्त्यातली ओळ खुणेने ओळखायची. गाठोड्यातल्या वस्तूला मात्र ती स्वतः आहे एवढीच ओळख पुरे. माणसाच्या हाताला धरून त्याच्या मुलांकडे जाता येते. तक्त्यात मुलांच्या ओळीवर बापाची खूण असते, म्हणजे वाट उलटी. विजेच्या शास्त्रातून शब्द उसना घेऊन या विसंवादाला 'इम्पिडन्स मिसमॅच' म्हणू लागले. माझ्या पिढीतल्या कार्यक्रमकारांचा दिवसाचा मोठा भाग या विसंवादात जाई. माणूस मोडून तक्त्यांत भरायचा, तक्त्यांतून काढून पुन्हा माणूस जुळवायचा. तेच ते काम, पानामागून पाने. पटवाऱ्याला निदान सारा माफ होता म्हणे. आम्हाला तेही नाही.

यंत्राकडूनच हे काम करवून घ्यावे, असे कोणाला न सुचते तरच नवल. कॅनडातील ओटावा येथे 'द ऑब्जेक्ट पीपल' नावाच्या मंडळींनी १९९० नंतरच्या वर्षांत स्मॉलटॉकसाठी आणि मग जावासाठी 'टॉपलिंक' तयार केले. १९९४ मध्ये स्टीव्ह जॉब्झच्या नेक्स्ट कंपनीने आपला दुभाषी बाजारात आणला. परंतु घरोघर पोहोचला तो 'हिबर्नेट'. २००१ मध्ये गॅव्हिन किंग या ऑस्ट्रेलियन तरुणाने, त्या वेळच्या जावाच्या अवजड रीतीला कंटाळून, तो लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. नावाचा अर्थ हिवाळ्यातली दीर्घ झोप. वस्तू तक्त्यांत जाऊन झोपते आणि हाक मारली की जशीच्या तशी जागी होते, असे ते रूपक. २००४ मध्ये 'रूबी ऑन रेल्स', २००५ मध्ये 'जँगो', २००६ मध्ये 'एसक्यूएलअल्केमी' आली. प्रत्येकाजवळ आपापल्या भाषेचा दुभाषी होता. २००६ मध्येच जावाने या कामाचा अधिकृत नमुना ठरवून दिला.

दुभाषी काम कसे करतो? एकदा बसून त्याला सांगावे लागते, की शेतकरी म्हणजे अमुक तक्ता, त्याचे नाव म्हणजे त्यातला अमुक रकाना, त्याची वावरे म्हणजे अमुक तक्त्यातल्या अशा ओळी, ज्यांवर या शेतकऱ्याची खूण आहे. एवढे सांगितले की पुढे तुम्ही म्हणायचे, 'सत्तावीस नंबरचा शेतकरी आण.' तो एस्क्यूएलमधली वाक्ये स्वतः रचतो, तक्त्यांना विचारतो, आणि उत्तरांतून माणूस उभा करून तुमच्यापुढे आणतो. एकदा आणलेला माणूस तो लक्षात ठेवतो. त्याच कामात पुन्हा मागितलात तर दुसरी प्रत न आणता तोच पुढे करतो. तुम्ही त्याचा पत्ता बदललात, एक वावर विकलेत, तर काय काय बदलले याची मनात टिपणे घेतो आणि शेवटी सर्व बदल एकदम नोंदवतो. नोंदवताना मध्ये काही बिघडले तर सगळेच मागे घेता येते. अर्धवट फेरफार राहत नाही.

मी हिबर्नेट प्रथम वापरले त्या दिवशी मला आजोबांची फार आठवण झाली. जुळवण्याचे काम करणारा आता मिळाला होता, आणि तो थकत नव्हता.

तथापि दुभाष्यावर विसंबण्याचे धोकेही आहेत. एक धोका गमतीचा आहे. समजा, पाटलाने कोतवालाला सांगितले, 'तालुक्याला जा आणि गावच्या तीनशे खातेदारांची यादी आण.' कोतवाल गेला, यादी घेऊन आला. मग पाटील पहिले नाव वाचून म्हणतो, 'याची वावरे कोणती?' कोतवाल पुन्हा तालुक्याला. दुसरे नाव, पुन्हा तालुका. तीनशे नावांसाठी तीनशे एक फेऱ्या! 'यादी आण, आणि येताना प्रत्येकाची वावरेही लिहून आण', असे आधीच सांगितले असते तर एका फेरीत काम होते. दुभाषी नेमका या कोतवालासारखा आज्ञाधारक असतो. लागेल तेव्हाच आणायचे, ही त्याची काटकसर; पण सांगणारा गाफील असेल तर ती काटकसरच महागात पडते. कार्यक्रम लिहिणाऱ्याला या फेऱ्या दिसत नाहीत. त्याला फक्त एवढेच दिसते, की पान उघडायला फार वेळ लागतो.

दुसरा धोका गमतीचा नाही. तो मी स्वतः ओढवून घेतला, म्हणून सांगतो.

२००७ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी संस्थेसाठी मी सभासदांच्या नोंदींचा कार्यक्रम लिहून दिला. गावाकडचे काम म्हणून मोठ्या हौसेने केला. सभासद म्हणजे एक गाठोडे; त्यात त्याचे नाव, पत्ता, भाग, आणि आपल्यामागे भाग कोणाला द्यावेत म्हणून त्याने नेमलेल्या माणसांची यादी. दुभाष्याला मी सांगून ठेवले होते, की यादीतून एखादे नाव गेले तर तक्त्यातली त्याची ओळही पुसून टाक, उगाच निराधार ओळी मागे नकोत. सूचना चुकीची नव्हती. पुढे संस्थेने फक्त पत्ता बदलण्यासाठी एक लहानसा पडदा मागितला. तो मी एका दुपारी लिहिला. त्यात नेमलेल्या माणसांची यादी मी भरलीच नाही. पत्त्याशी तिचा काय संबंध? दुभाष्याने मात्र पाहिले, की सभासद परत आला आहे आणि त्याची यादी रिकामी आहे. आज्ञेप्रमाणे त्याने तक्त्यातल्या ओळी पुसल्या. ज्याचा ज्याचा पत्ता बदलला, त्याची त्याची नेमलेली माणसे नाहीशी झाली. कोठे चूक दाखवणारा दिवा लागला नाही, की घंटा वाजली नाही.

सात-आठ महिन्यांनी रिसोडकडची एक म्हातारी बाई संस्थेत आली. तिचा भाऊ वारला होता. मूलबाळ नव्हते, त्याने बहिणीचे नाव लावून ठेवले होते. कारकुनाने पडद्यावर पाहिले आणि सांगितले, "मावशी, तुमचं नाव नाही यात." बाई उठली नाही. म्हणाली, "मले वाचता येत नाही बापू, पण भावानं माह्या डोयासमोर लिहून देलं. शाई वाळेलोक मी तठीच उभी होती. तुमच्या पेटीत नसंन, तर वही काढा."

त्या कारकुनाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्याने तिला परत पाठवले नाही. माळ्यावरून जुनी कापडी बांधणीची वही काढली. बहिणीचे नाव तेथे होते. खाली भावाचा अंगठा होता.

मला फोन आला तेव्हा मी पुण्यात जेवत होतो. रात्रीच्या गाडीने निघालो. चूक शोधायला पाव तास लागला, दुरुस्त करायला त्याहून कमी. मग तीन रात्री मी आणि तो कारकून, तो वही वाचणार आणि मी ओळी भरणार, असे बसलो. त्या यादीत बहिणी होत्या, विधवा सुना होत्या, लेकी होत्या. या नावांचे एक दुबळेपण असते. मुलाचे नाव पुसले तर तो चावडीवर येऊन आरडाओरडा करतो. बहिणीचे पुसले तर ती बहुधा येतच नाही. आली तरी 'नाही' म्हटल्यावर निघून जाते. ही बाई निघून गेली नाही म्हणून बाकीच्या वाचल्या. हिंदू वारसा कायद्याने १९५६ मध्ये मुलींना वाटा दिला, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. पण कायदा ज्या नावाला हक्क देतो ते नाव आधी तक्त्यात असावे लागते, आणि तक्ता माझ्यासारख्याच्या हातात असतो.

दोष दुभाष्याचा होता काय? मी पुष्कळ दिवस या प्रश्नाभोवती घुटमळलो. त्याने सांगितले तेच केले. दोष माझा होता, आणि तो विसरण्याचा होता. माणूस अखंड दिसतो म्हणून मी वह्यांना विसरलो. आजोबा कधी विसरले नाहीत, कारण प्रत्येक ओळ त्यांना हाताने लिहावी लागे. एखादे नाव खोडायचे तर लेखणी थबके. यंत्राची लेखणी थबकत नाही. टेड नीवर्ड या अमेरिकन लेखकाने २००६ मध्ये या साऱ्या खटाटोपाला संगणकशास्त्राचे व्हिएतनाम म्हटले होते: आत शिरणे सोपे, बाहेर पडणे कठीण. मला ते थोडे अतिशयोक्त वाटते. मी त्यानंतरही दुभाषी वापरला, शिकवला, आणि उद्या लिहायला बसलो तरी वापरीन. हजारो ओळी हाताने जुळवताना ज्या चुका होत, त्याही मी पाहिल्या आहेत. मात्र तेव्हापासून माझा एक नेम आहे. दुभाषी तक्त्यांशी काय बोलतो ते कागदावर काढून एकदा वाचायचे. 'पुसून टाक' हा शब्द जेथे येईल तेथे थांबायचे, आणि कोणाचे नाव पुसले जात आहे ते पाहायचे. नव्या मुलांना कंटाळा येतो. त्यांना मी रिसोडच्या बाईची गोष्ट सांगतो.

आता सातबारा घरबसल्या मिळतो. १९८८-८९ मध्ये जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्यासाठी देशातले जे पहिले आठ जिल्हे निवडले, त्यांत आमच्या विदर्भातला वर्धा होता. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. खेटे वाचले, ही लहान गोष्ट नव्हे. आजोबांचे बस्ते केव्हाच सरकारजमा झाले. घरी राहिला तो खारव्याचा एक रिकामा रुमाल.

गेल्या दिवाळीला गावी गेलो होतो. लक्ष्मीपूजनाला पाटावर काय मांडावे, असा प्रश्न पडला. नातीने माझा संगणक आणून ठेवला, त्यावर हळदकुंकू वाहिले. मी तो लाल रुमाल घडी करून त्याच्याखाली घातला. नातीने विचारले, "आबा, यात कोण कोण आहे?" मी म्हटले, "सगळा माणूस यातही नाही, बाळ. तो आपल्याला जुळवाव लागते." पणती जवळ आली होती. ती जरा लांब सरकवली.